बैठकीतून उठण्याची किंमत : संघर्ष आणि वाटाघाटीचा नवा सिद्धांत आपल्या अनुभवातून कसा घडेल?

मराठवाड्यातल्या एका गावात १४ एप्रिलच्या मिरवणुकीच्या मार्गावरून वाद झाला. पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक लागली. वस्तीत काम करणारी कार्यकर्ती म्हणून मीही तिथे होते. वाटाघाटीच्या एका प्रशिक्षण शिबिरात शिकवलेला प्रश्न मी मोठ्या विश्वासाने विचारला : "मार्गाचं बाजूला ठेवू. तुम्हाला नक्की काय हवंय, ते दोन्ही बाजूंनी सांगा." समोरची बाजू भरभरून बोलली. आपल्या वस्तीतून आलेल्या पाच जणांपैकी एकानेही तोंड उघडले नाही. शेवटी एक आजोबा म्हणाले, "साहेब म्हणतील तसं."

मिरवणूक पेठेतून न जाता वस्तीतल्या वस्तीत फिरेल असे ठरले. सह्या झाल्या, चहा आला. बाहेर पडल्यावर कळले की त्या पाचांपैकी तिघे समोर बसलेल्यांच्याच शेतावर कामाला आहेत.

शिबिरातले सूत्र मी नंतर बऱ्याचदा तपासून पाहिले. ते खोटे नाही. पण ते ज्या माणसांना समोर ठेवून तयार झाले, त्यांना बैठकीतून उठून घरी जाता येत होते. आपल्या आजोबांना ते शक्य नव्हते. संघर्ष आणि वाटाघाटीचा अभ्यास जगभर एक स्वतंत्र विद्याशाखा म्हणून उभा आहे. त्यातले महत्त्वाचे सिद्धांत कुठून आले, ते आपल्याकडे कुठे अडतात आणि त्या अडण्यातून नवी मांडणी कशी निघू शकते, हे चळवळीतल्या तरुणांना माहीत असावे म्हणून हा लेख.

सिद्धांत कोणत्या खोलीत जन्मतो

या शास्त्राची एक सुरुवात समाजकार्यातूनच झाली. मेरी पार्कर फॉलेट (१८६८–१९३३) या बोस्टनच्या रॉक्सबरी भागात वस्तीपातळीवर काम करत. १९२५ साली न्यूयॉर्कमध्ये दिलेल्या व्याख्यानात त्यांनी संघर्ष मिटण्याचे तीन प्रकार सांगितले. पहिला वर्चस्व : एक बाजू जिंकते. दुसरा तडजोड : दोघेही थोडे थोडे सोडतात. तिसऱ्याला आपण मेळ म्हणू : दोघांच्याही खऱ्या गरजा भागतील अशी नवीच वाट सापडते. त्यांचे उदाहरण साधे होते. ग्रंथालयाच्या छोट्या खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेटबाईंना बंद. शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली आणि दोघांचेही काम झाले. दुसरे उदाहरण डोंगरउतारावरच्या दूध संकलन केंद्राचे. वरून येणारे आणि खालून येणारे शेतकरी आधी कॅन कोणाचे उतरवायचे यावरून भांडत होते. फलाटाची जागा बदलल्यावर दोघांनाही एकाच वेळी कॅन उतरवता येऊ लागले.

तडजोडीबद्दल फॉलेट साशंक होत्या. दाबून ठेवलेली इच्छा पुन्हा वर येते, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याला हे नामांतराच्या लढ्यावरून चटकन समजते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात बौद्ध वस्त्या पेटल्या. सुमारे सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, जे झाले त्याला सरकारने नामविस्तार म्हटले. बाबासाहेबांचे नाव आले, 'मराठवाडा' हा शब्दही राहिला. दोन्ही बाजूंना सांगता येईल असा तोडगा निघाला. १९७८ मध्ये ज्यांची घरे जळाली त्यांचा प्रश्न मात्र त्या नावात कुठेच नव्हता.

फॉलेटनंतर चाळीस वर्षांनी, १९६५ साली, रिचर्ड वॉल्टन आणि रॉबर्ट मॅकर्सी यांनी अमेरिकेतल्या कामगार संघटना आणि व्यवस्थापन यांच्या बोलण्यांचा अभ्यास करून एक मोठी मांडणी केली. त्यांच्या मते प्रत्येक वाटाघाटीत चार गोष्टी एकाच वेळी चालू असतात. असलेल्या वस्तूची वाटणी होत असते, दोघांच्या फायद्याचा शोध चाललेला असतो, एकमेकांविषयीचे मत घडवले जात असते, आणि प्रत्येक प्रतिनिधी स्वतःच्याच लोकांशीही वाटाघाट करत असतो. कार्यकर्त्याला चौथी गोष्ट सर्वांत आधी पटेल. पोलीस ठाण्यातून बाहेर आल्यावर वस्तीतली पोरे जे बोलतात, ते आतल्या बोलण्यापेक्षा कठीण असते.

पुढे १९८१ मध्ये रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांचे छोटे पुस्तक आले आणि प्रचंड खपले. भूमिकेला चिकटू नका, त्यामागची गरज शोधा. बोलणी फिसकटली तर तुमच्या हातात कोणता पर्याय उरतो ते आधी ठरवून या. माझ्या शिबिरातला प्रश्न याच पुस्तकाच्या वळणाचा होता. त्या आजोबांच्या हातात काय उरत होते, याचा विचार करून मी गेले नव्हते, ही माझी चूक.

१९३८ चे विधेयक

फिसकटल्यावर हातात उरणारा पर्याय हीच वाटाघाटीतली खरी ताकद, हे आज व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवले जाते. हाच मुद्दा बाबासाहेबांनी १९३८ साली मुंबई विधानसभेत, व्यवस्थापनासाठी नव्हे तर गिरणी कामगारांसाठी, मांडला होता. आपल्याकडे या भाषणाची चर्चा फार कमी होते.

त्या वर्षी मुंबई प्रांताच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले. वरवर पाहता ते शांततेचे विधेयक होते : संप करण्याआधी सलोख्याची प्रक्रिया पार पाडणे सक्तीचे, आणि ती पूर्ण होण्याआधी केलेला संप बेकायदेशीर व शिक्षेला पात्र. बाबासाहेबांनी त्याला कडाडून विरोध केला. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करायला लावणे म्हणजे गुलामगिरी. संपाचा हक्क म्हणजे आपली सेवा कोणत्या अटींवर द्यायची हे ठरवण्याचे स्वातंत्र्य. काम थांबवणाऱ्याला गुन्हेगार ठरवले की त्याचे स्वातंत्र्यच काढून घेतले जाते. असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप केला. विधेयकाचा कायदा झालाच.

बाबासाहेब वाटाघाटीच्या विरोधात होते, असा याचा अर्थ कुणी काढू नये. चार वर्षांनी ऑगस्ट १९४२ मध्ये सरकार, मालक आणि कामगार या तिघांना एकत्र बसवणारी पहिली त्रिपक्षीय परिषद दिल्लीत भरली, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडेच होते. दोन्ही प्रसंग जोडून वाचले तर एक विधान हाती लागते : ज्या बैठकीतून दुबळ्या बाजूला उठता येत नाही, त्या बैठकीला सलोखा हे नाव देता येत नाही. हे विधान माझे आहे, पण त्याचे साहित्य १९३८ चे आहे.

किंमत कोण चुकवतो : पुणे करार आणि महाड

उठण्याची किंमत नेहमी खोलीत बसलेल्यालाच द्यावी लागते असेही नाही. सप्टेंबर १९३२ मधला पुणे करार हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण.

थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९६० च्या पुस्तकात एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट दाखवून दिली. वाटाघाटीत स्वतःचे हात स्वतःच बांधून घेणारा माणूस बलवान ठरू शकतो; मला मागे फिरताच येत नाही, हे समोरच्याला पटले की हलावे त्यालाच लागते. २० सप्टेंबर १९३२ रोजी येरवडा तुरुंगात सुरू झालेले गांधीजींचे प्राणांतिक उपोषण या चौकटीत नीट बसते. पण शेलिंगची चौकट दोन खेळाडूंची आहे. येथे तिसराही होता : खेड्यापाड्यातला अस्पृश्य समाज. उपोषणात काही बरेवाईट झाले असते तर सूड त्याच्यावर उगवला गेला असता. तो येरवड्यात बसलेला नव्हता, आणि बाबासाहेबांना सही करताना त्याचाच विचार करायचा होता. चार दिवसांनी, २४ सप्टेंबरला, करार झाला.

आता हिशेब पाहा. मॅक्डोनाल्ड यांच्या जातीय निवाड्यातल्या जागांच्या जवळपास दुप्पट, म्हणजे प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या. जागा मोजणाऱ्या कोणत्याही सूत्राने हा विजय ठरेल. पण निवाड्यात अस्पृश्यांना दोन मते होती : एक आपला प्रतिनिधी आपणच निवडण्याचे आणि दुसरे सर्वसाधारण मतदारसंघातले. बाबासाहेबांनी १९४५ च्या पुस्तकात स्पष्ट लिहिले की हे दुसरे मत अमोल होते आणि करारात ते गेले. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी स्वतंत्र मतदारसंघाची मागणी पुन्हा केली. वाटाघाटीत काय मिळाले याबरोबर, मिळालेल्यावर ताबा कोणाचा राहिला हेही मोजले पाहिजे. पाश्चात्त्य ग्रंथांत हा मुद्दा मला ठळक दिसला नाही. आपल्या सरपंचपदाच्या राखीव जागांचा अनुभव असलेल्या कुणालाही तो समजावून सांगावा लागत नाही.

महाडची गोष्ट वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी पिऊन झाले, सनातन्यांनी तळे 'शुद्ध' केले, नगरपालिकेने तळे खुले करणारा ठराव मागे घेतला आणि डिसेंबरात दुसरी परिषद भरली. तोवर सनातन्यांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम आणला होता. जमलेला समाज सत्याग्रहाला तयार होता. बाबासाहेबांनी तो तहकूब केला. ही वॉल्टन आणि मॅकर्सी यांची चौथी वाटाघाट, स्वतःच्या माणसांशी केलेली, आणि तीही उघड्या मंडपात. वस्तीतल्या कार्यकर्त्यावर 'विकला गेला' असा शिक्का किती लवकर बसतो हे आपण जाणतो. महाडला लोक ऐकून गेले, कारण थांबण्याचे कारण त्यांच्यासमोर सांगितले गेले आणि निर्णय परिषदेत झाला. दावा उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९३७ साली निकाल आपल्या बाजूने लागला.

'गावातलं गावात मिटवा'

महाडला मनाईहुकूम तरी होता. त्याला न्यायालयात उत्तर देता आले. आजच्या गावात दबाव येतो तो प्रेमळ शब्दांत. महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावपातळीवर समिती, तंटे मिटवायचे आणि चांगल्या कामगिरीला पुरस्काराची रक्कम. बांधाची, भाऊबंदकीची भांडणे यातून मिटली असतील, कोर्टाचे हेलपाटे वाचले असतील. ते नाकारण्याचे कारण नाही. पण गावाची शोभा तंट्यांच्या संख्येवर ठरू लागली की तक्रार करणारा हाच गावाचा शत्रू दिसू लागतो. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचे (१९८९) गुन्हे तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीत नाहीत. म्हणून दबाव गुन्हा नोंदवण्याआधीच येतो, तेव्हा घटनेला अजून नाव मिळालेले नसते. शिवीगाळ 'पोरांची बाचाबाची' होते. बहिष्कार 'गैरसमज' होतो.

अमेरिकन मानवशास्त्रज्ञ लॉरा नेडर यांनी मेक्सिकोतल्या ओहाका भागातील झापोटेक गावात दीर्घकाळ अभ्यास करून १९९० साली यासाठी एक संकल्पना मांडली. तिला मराठीत 'सलोख्याची विचारसरणी' म्हणता येईल. आमच्यात भांडणे नसतात, असली तर आम्ही आपसात मिटवतो, हे सांगणे ही केवळ परंपरा नसते. त्यामागे राजकारण असते. त्या गावाने बाहेरच्या सत्तेला दूर ठेवण्यासाठी ती वापरली. नेडर यांचा इशारा असा की तीच भाषा न्याय मागणाऱ्याला गप्प करण्यासाठीही वापरली जाते. झापोटेक गावाला बाहेरचे राज्य नको होते. आपल्याला मात्र गावाबाहेरचे राज्य, म्हणजे संविधान, हवे आहे. या एका फरकामुळे नेडर यांची संकल्पना आपल्याकडे जशीच्या तशी लावता येत नाही. ती दुरुस्त करावी लागते. दुरुस्ती करावी लागणे हीच नव्या सिद्धांताची सुरुवात असते.

सर्वोच्च न्यायालयानेही २०२१ मधल्या रामावतार विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात, मुळात खासगी स्वरूपाच्या वादात समझोत्यावरून अशी कारवाई रद्द होऊ शकते असे सांगताना, तो समझोता दबावाखाली झालेला नाही याची न्यायालयांनी विशेष काळजी घ्यावी असे बजावले. दबाव ओळखायचा कसा, याचे शास्त्र मात्र कोणीतरी लिहायला हवे.

रोहिणीच्या पाण्याचा वाद

हा धागा बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात (१९५७) आहे. आपण तो विहारात वाचतो, पण संघर्षशास्त्राचा मजकूर म्हणून क्वचितच वाचतो. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात मारामारी होते. शाक्य संघ युद्धाचा ठराव घेतो. सिद्धार्थ विरोध करतो आणि उपसूचना मांडतो : आपल्यातले दोन निवडावेत, कोलियांचे दोन, या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी वाद मिटवावा. आजच्या लवादाची रचना बरीचशी अशीच असते. उपसूचना बहुमताने फेटाळली जाते. संघाचा निर्णय न मानण्याची शिक्षा कुटुंबावर येऊ नये म्हणून सिद्धार्थ परिव्रज्या स्वीकारतो. इथेही किंमत खोलीबाहेरच्यांनी चुकवण्याचाच प्रश्न आहे.

पुढचा भाग सैद्धांतिकदृष्ट्या आणखी मोलाचा. त्याच्या जाण्यानंतर लोकमत फिरते आणि दोन्ही गण बोलणी करायला तयार होतात, अशी बातमी सिद्धार्थाला मिळते. आता परत जाता आले असते. पण त्याच्या लक्षात येते की राष्ट्राराष्ट्रांतले युद्ध प्रासंगिक असते, वर्गावर्गांतला संघर्ष मात्र कायमचा असतो, आणि दुःखाचे मूळ त्यात आहे. पाण्याचा वाद मिटला म्हणून प्रश्न सुटत नाही. घटना आणि रचना यांतला हा भेद आहे. नॉर्वेचे शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६९ च्या प्रसिद्ध लेखात 'संरचनात्मक हिंसा' ही संज्ञा रुजवली : कोणी काठी उगारलेली नसतानाही व्यवस्थाच माणसाचे आयुष्य खुडते, ती हिंसाच. विद्यापीठात आम्हाला गाल्टुंग शिकवले गेले. त्याच तासाला रोहिणीची गोष्ट कोणी सांगितली नाही.

वहीतून सिद्धांत

नवा सिद्धांत मांडणे हे परदेशी प्राध्यापकांचेच काम आहे असे वाटत असेल, तर बार्नी ग्लेझर आणि अँसेल्म स्ट्रॉस यांचे उदाहरण पाहावे. रुग्णालयांत मरणासन्न रुग्णांजवळ कोण काय बोलते, रुग्णाला आपण मरणार हे ठाऊक आहे का, ठाऊक असल्याचे तो दाखवतो का, याच्या नोंदी करत त्यांनी संकल्पना उभ्या केल्या आणि १९६७ मध्ये ही पद्धतच पुस्तकरूपाने मांडली. मायकेल बुरावॉय यांची पद्धत उलट दिशेची : हातात एक सिद्धांत घेऊन मैदानात जा आणि तो जिथे मोडतो ती जागा शोधा. आपल्याला दुसरी अधिक सोयीची, कारण मोडण्याच्या जागा आपल्याकडे भरपूर आहेत.

तालुक्यात वर्षाला अशा किती बैठका होतात आणि त्यांचे काय राहते? एक सह्यांचा कागद. मी आता प्रत्येक बैठकीची नोंद ठेवते. बैठक कोणी बोलावली, कुठे झाली, खुर्चीवर कोण आणि सतरंजीवर कोण, पहिल्यांदा कोण बोलले, वादाला कागदावर काय नाव दिले, आपल्या बाजूचे कोण कोणाकडे मजुरीला, कोणाचे किराणा दुकानात खाते, आणि 'मान्य नाही' म्हटले असते तर दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाचे काय बंद झाले असते. तक्रारदाराचे नाव मी लिहीत नाही. वही कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही.

त्या पहिल्या गावात दोन वर्षांनी पुन्हा बैठक झाली. मधल्या काळात वस्तीतल्या काही बाया तालुक्याच्या जिनिंगवर कामाला जाऊ लागल्या होत्या. या वेळी त्यांच्यातल्या दोघी आल्या. मार्ग बदलायला सांगितल्यावर एकजण म्हणाली, "बदलू की. कागदावर कारण लिहा, मग सही करते." कारण लिहायला कोणी तयार होईना. मिरवणूक बंदोबस्तात पेठेतून गेली. उठण्याची किंमत कमी झाली की आवाज वाढतो, या माझ्या मांडणीला इतका चांगला पुरावा मिळाल्याने मी खूश होते.

नंतर दुसऱ्या एका गावातली बैठक झाली. तिथे वस्तीतले एकही घर गावातल्या शेतावर अवलंबून नव्हते. पोरे पुण्यात नोकरीला, दोन घरांत पेन्शन. समाजमंदिराच्या जागेचा वाद होता, कागद आपल्या बाजूचे होते आणि फिसकटले असते तरी कोणाची चूल विझणार नव्हती. तरीही त्यांनी पहिल्याच बैठकीत जागा सोडली. मी विचारले तेव्हा एक निवृत्त शिक्षक इतकेच म्हणाले, "ताई, आम्ही इथं मरणार आहोत, तुम्ही तालुक्याला जाणार." त्यांचा रोख स्मशानाकडे जाणाऱ्या वाटेवर होता की आणखी कशावर, हे मला त्या दिवशी कळले नाही. माझ्या वहीत ती नोंद तशीच आहे, आणि पुढच्या महिन्यात मी पुन्हा त्या गावी जाणार आहे.